अंतरपाटाचं एक टोक

८ सप्टेंबर, सोमवार

नाक सोडा म्हणाली. मला!

मुंजीपासून संध्या करतोय. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. नाकपुडी कशी धरायची हे मी शेकडो बटूंना शिकवलं. आणि आज राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर फिजिक्सची सूत्रं तशीच, एक तिशीतली पोरगी मला सांगते — "गुरुजी, नाक सोडा. नुसता श्वास पाहा." श्वास ही काय पाहायची वस्तू आहे!

नाव अश्लेषा. त्या नक्षत्रावर मूल झालं की आम्ही शांत करायला लावतो, आणि हिच्या आईबापांनी हौसेनं तेच नाव ठेवलं. बोलून दाखवलं. हसली. "सगळे गुरुजी पहिल्या दिवशी हेच म्हणतात." म्हणजे माझ्याआधीही कुणी येऊन गेलेत. कोण असतील?

गेलो ते घशाच्या डॉक्टरमुळे. "घशात काहीच नाही तुमच्या. दोनदा पाहिलं. योगाला जा, गुरुजी." औषध न देता पाठवतो म्हणजे काय.

तिचा नियम असा — वर्ग झाला की घरी येऊन वहीत दोन गोष्टी लिहायच्या. अंगात जिथं काही जाणवलं ती जागा, आणि त्या भावनेचं नाव. बस. गोष्ट नको, कारण नको, दुसऱ्या कुणाचा उल्लेख नको. वही कुणी मागणार नाही.

जागा — गुडघे. नाव — गुडघेदुखी.

झालं!

९ सप्टेंबर, मंगळवार

जागा — घसा. नाव — काही नाही.

शेजारच्या चटईवर बेबीताई म्हणून बाई असतात. शेंदूरजनाघाटच्या, संत्र्याचे बगीचे आहेत. नातवाच्या शिकवणीसाठी इथं खोली करून राहिल्यात. आज वहीत काय लिहिणार म्हणून विचारलं, मी सांगून बसलो. "गुर्जी, 'काही नाही' हे नाव नसते! मी बी पयले तसंच लिवत होती. बरं हाय, बरं हाय. पंधरा दिवस. मंग मॅडम मले म्हने, बेबीताई, बरं कुठं हाये ते दाखवा. आता काय दाखवू?"

आणि जिना उतरेपर्यंत हसत होत्या.

१० सप्टेंबर, बुधवार

आज वर्गाला गेलो नाही. तीन घरी श्राद्धं होती. आवाज खणखणीत. तिसऱ्या घरचे म्हातारे यजमान म्हणाले, गुरुजी, तुमचा आवाज ऐकला की पितर वाट चुकणार नाहीत.

मग हा आवाज लग्नातच का जातो?

इथं तरी स्पष्ट लिहितो. तीन वर्षांपासून मंगलाष्टकं म्हणताना शेवटच्या 'सावधान'ला माझा आवाज बसतो. आधी फक्त खरखर व्हायची. या वैशाखात दोनदा पूर्णच गेला. तोंड उघडं, आवाज नाही. लोक अक्षता हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. शेवटी विपुलनं बाजूनं सूर धरला आणि वेळ निभावली. विपुल परतवाड्याचा, चाळिशीचा, बरोबरीनं कामं करतो. चांगला माणूस आहे. त्यानं मला नंतर एका शब्दानं विचारलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

ज्याचा आवाज गेला तो भटजी कसला? आणि तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू.

११ सप्टेंबर, गुरुवार

शवासन. (ती 'शव्वासन' म्हणते. सुधारून दिलं.)

पंखा फिरत होता. खाली दुचाक्यांचे हॉर्न, खडूचा वास. मग हे सगळं हळूहळू लांब गेलं, आणि डोळ्यांपुढे पांढरं आलं. ढग नव्हेत, धुकंही नव्हे. धोतर वाळत घातलं की उन्हाच्या बाजूनं दिसतं तसं. विणीतून उजेड येणारं, वारा नसताना हलणारं. मी त्याच्या एका कडेला उभा होतो, एवढं कळत होतं. फार बरं वाटत होतं. कुणीतरी माझ्या अगदी जवळ होतं.

तिनं घंटी वाजवली तेव्हा दोन्ही गाल ओले. घाम असेल.

जागा — उजव्या हाताची मूठ. नाव — माहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तारा फोनवर होती. मी खोलीत शिरलो आणि "बरं, ठेवते" झालं. म्हणजे पलीकडे श्रावणी.

आमची एकुलती एक मुलगी. अकोल्याला दिली. तीन वर्षं झाली लग्नाला. चैत्रात तिनं सौमित्ररावांचं घर सोडलं. मारझोड नाही, व्यसन नाही. तो माणूस तिच्याशी बोलतच नव्हता. महिना महिना एक शब्द नाही. जेवणाचं ताट पुढे ओढून घ्यायचा आणि उठून जायचा. घर सोडलं ते सोडलं, पण इथं आली नाही! अकोल्यातच जठारपेठेत खोली घेतली, शाळेत शिकवते, एकटी राहते. आमची अमरावती तिथून दोन तासांवर.

तेव्हा फोनवर मी काय बोललो? बोललो — "पण गुण तर एकतीस जुळले होते."

पत्रिका मीच पाहिली होती. तोंडातून तेच निघालं. पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर आईशी रोज बोलते, माझ्याशी नाही.

ताराचं म्हणणं, नवरात्रात तरी ती घरी यावी. घट बसतील तेव्हा लेक घरात असावी. "तुम्ही एक फोन करा. तुमच्या एका फोनवर आहे सगळं."

नाव — राग. घ्या, मिळालं एक नाव. पोरीचा राग. बापाच्या घरी यायला हिला काय झालं?

१३ सप्टेंबर, शनिवार

राग.

१४ सप्टेंबर, रविवार

रागच.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

आज अश्लेषानं सगळ्यांना तळहात छातीवर ठेवायला सांगितला. माझा हात सवयीनं छातीवरून डोक्याला, डोक्यावरून शेंडीला. हृदयाय नमः, शिरसे स्वाहा, शिखायै वषट्. रोजचा न्यास. दोन सेकंदांचं काम.

ती पाहत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमचा हात पोचायच्या आतच निघतो, गुरुजी."

रागानं तिच्याकडे पाहिलं. पण खरं आहे. दिवसातून किती वेळा हृदयाला हात लावतो! तिथं थांबलो असा एकदाही नाही. पुढचा मंत्र असतो, यजमानाला ऑफिसला जायचं असतं.

मग ठेवला हात. पाच मिनिटं. पहिल्या मिनिटात पुढच्या घरच्या श्राद्धाचा विचार. दुसऱ्यात भाताचा. मग विचार संपले आणि छाती गरम वाटायला लागली, जड. आणि पुन्हा ते पांढरं आलं. आज त्यावर मधोमध काहीतरी लाल होतं. ओलं. बोटानं काढलेलं.

मी डोळे उघडले. मुद्दाम उघडले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गेलो नाही. पाठ धरली आहे असं ताराला सांगितलं. पाठ बरी आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

बेबीताई पिशवीतून संत्री घेऊन आल्या. अजून हिरवीच आहेत. एकाचं साल मोडून माझ्या नाकाशी धरलं. "घ्या गुर्जी. नाक सोडा म्हने ना मॅडम? सोडा मंग." सगळा हॉल त्या वासानं भरला.

चटया गुंडाळताना म्हणाल्या, "मी सा म्हैने राग लिवलं वहीत. सुनेचा राग. रोज राग. एक दिवस हात ठिवला अन् काढलाच नाई, तं तो राग नोताच जी. भेव होतं. आपल्याले कोनी इचारनार नाई आता, याचं भेव." मग चटई काखेत मारून, "रागाचं काय हाये, तो दाराशीच बसून राह्यते. आतलं कोनी बाहीर येऊ नोय म्हनून."

ही बाई चौथी शिकलेली आहे. मी दशग्रंथ्यांच्या घरातला!

जागा — छाती. नाव — राग नाही. दुसरं नाव नंतर लिहीन.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज घाबरलो नाही. येऊ दिलं.

पांढरं आलं. त्यावरचं लाल म्हणजे कुंकवाचं स्वस्तिक. पांढरं ते कापड. कापडाच्या खालच्या कडेशी पावलं दिसत होती. मेंदीची. नवी जोडवी. उजव्या पायाचा अंगठा पाटावर दाबलेला, इतका की नख पांढरं पडलेलं. लांब कुठंतरी कुणी सुरात म्हणत होतं. गोड आवाज होता. माझाच.

मुठीत कापडाचं टोक होतं.

कुणी अंगावर पांघरूण घालावं आणि आपण झोपेतच राहावं, तसं पडून राहिलो. घंटी झाली, लोक गेले, तरी उठलो नाही. अश्लेषानं उठवलं नाही. फळा पुसत बसली, फिजिक्सची सूत्रं एकेक करत. निघताना एवढंच म्हणाली, "घाई नाही, गुरुजी."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ताराला विचारलं, श्रावणीनं तुला लग्नाबद्दल कधी काही सांगितलं होतं का.

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "सांगितलं होतं. पहिल्या महालक्ष्म्यांना आली होती तेव्हा. म्हणाली, आई, अंतरपाट धरला होता ना, तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं, मला नाही करायचं, थांबवा. पण बँड वाजत होता, त्यांना ऐकू गेलं नसेल."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"म्हणून मी तुम्हाला कधी बोलले नाही," तारा म्हणाली. "ऐकूच नाही गेलं त्यात तुमचा काय दोष? ऐकू गेलं असतं आणि तरी तुम्ही पुढे रेटलं असतं, तर मी या घरात एक दिवस काढला नसता."

ताटातला खडा काढून तिनं खिडकीत ठेवला. काय छान उजेड होता खिडकीत. मी त्या खड्याकडेच पाहत राहिलो.

बँड?

२० सप्टेंबर, शनिवार

गेलो नाही. कुठंच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

आज पाच घरं केली. दुसऱ्यांच्या बापांना पाणी दिलं. आता जेवण झालंय, तारा आत पडली आहे, दुपारचं ऊन ओसरीवर आहे. आता लिहितो.

बँड वाजत नव्हता.

मंगलाष्टकं चालू असताना बँड थांबलेला असतो. शेवटचं सावधान झालं की वाजंत्री वाजवा म्हणतात आणि मग सुरू होतो. हे मला माहीत नसणार तर कुणाला? एवढं श्रावणीच्या कसं लक्षात नाही, कळत नाही.

कन्यादान मला करायचं म्हणून पौरोहित्य विपुलला दिलं होतं. पण मंगलाष्टकं मीच म्हणणार हा माझा हट्ट. सगळ्या अमरावतीनं ऐकावं, लेकीच्या लग्नात बापानं काय सूर लावला! अंतरपाटाचं एक टोक विपुलकडे, एक माझ्याकडे. श्रावणी माझ्या बाजूला. शेवटचं कडवं चाललं होतं. ती मान न वळवता म्हणाली, "बाबा, मला नाही करायचं. थांबवा ना."

ऐकलं मी. शब्द न् शब्द ऐकला.

घड्याळ समोरच्या खांबावर होतं. मुहूर्ताला दीड मिनिट राहिलं होतं. आठशे माणसं अक्षता घेऊन उभी. मनात काय आलं? पोर नाही आली मनात. आलं ते असं — माझ्या घरचा मुहूर्त टळला तर उद्या मला कोण बोलावेल. दुसऱ्यांना जन्मभर सांगितलं, घटका गेली की गेली!

मी आवाज चढवला. तिचा आवाज त्याखाली जावा म्हणून चढवला. सावधान म्हटलं आणि टोक सोडून दिलं.

नंतर बायका म्हणाल्या, गुरुजींचा गळा आज भरून आला होता.

त्या दिवशी मी पोरीपेक्षा मुहूर्त मोठा केला. आणि तीन वर्षं ऐकलंच नाही असा चेहरा घेऊन फिरलो. तिनं घर सोडलं तेव्हा गुण सांगितले!

जागा — छाती, घसा, मूठ. सगळीकडे तेच आहे.

नाव — लाज.

ताराला सांगायचं की नाही? सांगितलं तर ती काय करेल ते तिनं शुक्रवारीच सांगून टाकलं आहे. पण आधी जिचं आहे तिला. फोनवर नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.

पहाटे विपुलला फोन केला. माझ्या अकरा घरचे घट आज तू बसव. "गुरुजी, बरं नाही का? काहून, काय झालं?" म्हटलं, अकोल्याला जाऊन राहिलोय. घटस्थापनेच्या दिवशी भटजी गावाबाहेर! असं त्यानं पाहिलेलं नाही. मीही नाही.

ताराला एवढंच म्हटलं, आपल्या घरचे घट तू बसव, मी श्रावणीकडे चाललो. तिचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. डब्यात साबुदाण्याची उसळ दिली, दोघांपुरती.

बडनेरा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी. नुसतं हिरवं वाहतंय खिडकीतून, आणि वर पांढरे ढग, कुणी धरून ठेवल्यासारखे. शेजारचा माणूस झोपलाय, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. राहू दिलं. डोळा लागत होता, उघडत होता. मध्येच वाटलं श्रावणी सहा वर्षांची आहे आणि माझ्या मांडीवर बसून मंगलाष्टकं म्हणतेय. तिला तेव्हा सगळी पाठ होती. सावधान आलं की दोन्ही हातांनी माझं तोंड बंद करायची, म्हणजे ते तिला एकटीला म्हणता यावं. तिच्या हातांना शेंगदाण्याचा वास.

मूर्तिजापूर. घड्याळ पाहिलं. मुहूर्त आता संपला. माझ्या हातानं आज एकही घट बसला नाही. काही झालं नाही. बस चालूच आहे.

हात छातीवर आहे. काढला नाही.

भीती आहे. तिनं दार लावून घेतलं तर? बरोबरच करेल. तरी सांगायचं. तिला निदान एवढं कळावं की तिचं म्हणणं कुणीतरी ऐकलं होतं, ती हवेत बोलली नव्हती.

बोरगाव मंजू आलं. आता थोडंच.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. चपला काढायच्या आधी, दारातच. घसा बसला नाही.

ती चौकट धरून उभी होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माहीत आहे, बाबा. तुम्ही आवाज चढवला ना, तेव्हाच कळलं मला, तुम्ही ऐकलं."

म्हटलं, मग बँडचं?

"ते आईसाठी सांगितलं. तिला तुमच्यासोबत राहायचं होतं ना."